हुकाच्या जागी टोपण

आमची गाडी मोठी आहे, डोंगरात आणि वाळूत चालणारी. तिच्या मागच्या बंपरखाली एक चौकोनी लोखंडी नळी आहे. बोटीचा ट्रेलर ओढायचा असला की त्या नळीत हुक सरकवतात, आडवी पिन घालतात आणि हुकाच्या टोकावरच्या गोळ्यावर ट्रेलर अडकवतात. हे सगळं मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. आम्ही दोघं नागपूरकडचे, लहानपणी समुद्र पाहिला तो नकाशात. पण मस्कतला आल्यावर माझ्या नवऱ्याला बोटीचं वेड लागलं.

बोट त्याची एकट्याची नव्हती. त्याच्या ऑफिसात एक ओमानी सहकारी होते, त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. बोट त्यांच्या नावावर, ओढायला गाडी आमची. दर शुक्रवारी पहाटे दोघं निघायचे आणि दुपारच्या नमाजाच्या आत परत यायचे, कारण मित्राला मशिदीत जायचं असे. आमच्या अंगणात बोटीवरचं मीठ पाण्याने धुवायचे. संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी आपल्या लोकांची बुद्धवंदना असायची, तिथे नवरा पांढरा शर्ट घालून हजर. माझ्या सासूबाई फोनवर म्हणायच्या, "सकाळी मासे मारतोस आणि संध्याकाळी पंचशील म्हणतोस, काय म्हणावं तुला." तो म्हणायचा, "आई, खाण्यापुरतेच धरतो." यावर दोघंही हसत. खरं तर त्याला माशांपेक्षा ती जोडाजोडी जास्त आवडायची. ट्रेलर उलटा पाण्यात नेणं, साखळ्या अडकवणं, पिन बसल्याचा तो ठोक आवाज ऐकणं. स्ट्रक्चरल इंजिनियर माणूस, दोन गोष्टी घट्ट जोडल्या गेल्या की त्याला बरं वाटायचं.

मग एका मंगळवारी कुरुमच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये बोर्डवर काहीतरी काढत असताना, त्याच्या हातातला मार्कर पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याला गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं ते त्याच मित्राने. मी मदिनत सुलतान काबूस भागातल्या शाळेत शिकवते. वर्ग चालू असताना शिपायाने दारातून खूण केली. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की ही खूण पालक भेटायला आल्याची नाही.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात आणि पाय गेला आणि त्याबरोबर भाषा गेली. पाय बराचसा परत आला. हात खांद्यापासून लोंबता राहिला. भाषेचं काय झालं ते सांगणं कठीण आहे. त्याला समजायचं जवळजवळ सगळं. पण बोलायला गेला की शब्द यायचा नाही, किंवा भलताच यायचा. पहिला शब्द आला तो "खलास". नर्स जेवणाचं ताट उचलायला आली तेव्हा म्हणाला. मी त्या एका शब्दाने इतकी हरखले की नर्सचा हात धरला. नंतर लक्षात आलं, तो प्रत्येक गोष्टीला खलास म्हणतोय. पाणी हवं तरी खलास, नको तरी खलास. त्यानंतर "यल्ला" आला. खलास म्हणजे झालं, पुरे, आणि यल्ला म्हणजे चला; साइटवर दिवसभर तोंडात असलेले हे दोन अरबी शब्द कुठेतरी खोल रुतून बसले होते, ते तेवढे वाचले. माझं नाव वाचलं नाही. मुलीचंही नाही.

स्पीच थेरपी करणारी बाई मल्याळी होती, शांत आणि थोडी कडक. तिच्याशी आमचं बोलणं हिंदीत व्हायचं. तिने पहिल्याच आठवड्यात मला बाहेर बोलावून सांगितलं, "आप उनका वाक्य पूरा मत कीजिए." मी शिक्षिका. मुलांच्या अडलेल्या वाक्याला हात देणं ही माझी रोजची सवय. ती म्हणाली, दोन गोष्टी समोर ठेवा, त्याला निवडू द्या, आणि थांबा. तुम्हाला थांबणं नकोसं होईल, तेव्हा आणखी थोडं थांबा. चहा की कॉफी, निळा शर्ट की पांढरा, अशी सुरुवात करा. पण नंतर खरी निवड द्या, ज्याने काही फरक पडतो अशी.

आमच्या घरात त्या काळात आणखी एक गोष्ट बदलली. मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती इथेच वाढलेली, मैत्रिणींशी इंग्रजी, आमच्याशीही बहुतेक इंग्रजीच. मराठी तिला समजायची, पण बोलताना ती काचेवरून चालल्यासारखी चालायची. वडिलांना मात्र इंग्रजी आता लवकर थकवायची. चेहऱ्यावर दिसायचं, की वाक्य अर्ध्यात हरवलं. मराठीत तसं होत नसे. हे तिनेच आधी ओळखलं आणि कुणी न सांगता त्याच्याशी मराठी बोलायला लागली. "बाबा, तुम्हाला... उशी... अजून एक... पाहिजे?" असं. ती शब्द शोधायची, तो शब्द शोधायचा. दोघंही घाईत नसत. मी दारातून बघायचे आणि आत जायचे नाही.

दोनेक महिन्यांनी मित्र घरी आले. खजूर आणि हलवा घेऊन. ते दर आठवड्याला यायचे, पण त्या दिवशी बराच वेळ कॉफीचा छोटा पेला हातात फिरवत राहिले. मग म्हणाले की बोट त्यांच्या घरी उन्हात उभी आहे, इंजिन बिघडेल. कुरियात या किनाऱ्यावरच्या गावातला त्यांचा पुतण्या मासेमारी करतो, त्याला बोट हवी आहे. हे ते मला नाही, नवऱ्याकडे बघून, सावकाश इंग्रजीत बोलत होते. "तू नाही म्हणालास तर ती तिथेच राहील," ते म्हणाले. "मी दुसऱ्या कुणाबरोबर तिच्यावर जाणार नाही."

नवऱ्याने हातातला पेला खाली ठेवला. मग डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "खलास."

त्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी कुणाला विचारावा लागला नाही. मित्रांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि परत घातली. निघताना त्यांनी अंगणात जाऊन आमच्या गाडीची पिन काढली आणि हुक ओढून घेतला, कारण तो त्या ट्रेलरच्याच मापाचा होता. कुणाच्या घरातली जपलेली वस्तू न्यावी तसा दोन्ही हातांत धरून नेला. गाडीच्या मागे ती चौकोनी नळी रिकामी राहिली.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की नवरा अंगणात गाडीभोवती फेऱ्या मारायचा, डाव्या हाताने गाडीचा आधार घेत. मी किंवा मुलगी खुर्ची टाकून बसायचो. काही दिवसांनी पाहिलं, की तो प्रत्येक फेरीत मागे आला की थांबतो. वाकून त्या नळीत बोट घालतो. एकदा त्याने आतून ओल्या मातीचा गोळा काढला. कुंभारीण माशीने आत घर बांधायला घेतलं होतं. त्याने तो गोळा मला दाखवला आणि नळीकडे बोट केलं. "यल्ला," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला हुक परत हवा आहे. मी म्हटलं, "अरे, बोट नाही आता आपल्याकडे." त्याने डोळे मिटून मान हलवली. आमचा अंदाज चुकला की तो असंच करायचा. मी पुन्हा म्हटलं, "मित्राला फोन करायचा आहे?" तेही नाही. मुलगी उठून त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याने तळहात नळीच्या तोंडावर सपाट ठेवला. काढला, पुन्हा ठेवला.

"झाकण," ती म्हणाली. "बाबांना त्याला झाकण पाहिजे."

त्याने तिच्याकडे बघून मान डोलावली.

अशी टोपणं मिळतात, हे मला त्या दिवशी कळलं. मुलीने टॅबलेटवर शोधून काढली, शेकडो प्रकारची. नुसतं भोक बुजवण्यासाठी लोक इतकी हौस करतात. कवटीचं तोंड, फुटबॉल, वाघाचा पंजा, घोड्याचा नाल, उडणारा ससाणा, ब्रेकबरोबर लाल दिवा लागणारं एक. थेरपीच्या बाईंचं म्हणणं माझ्या डोक्यात होतं, की निवड खरी असू द्या. मी मुलीला म्हटलं, दोन-दोन दाखव. आम्ही दोन-दोन दाखवली. तो प्रत्येक चित्र नीट बघायचा, बोटाने मोठं करायचा, आणि बाजूला सारायचा. कवटीला त्याने हात झटकला. फुटबॉलवर थोडा हसला. पण कशालाच हो म्हणाला नाही.

आम्हाला वाटलं, पडद्यावर बघून त्याला ठरवता येत नसेल. मुलगी म्हणाली, "मासा घेऊ. सरप्राइज." मलाही ते पटलं. दुसरं काय असणार होतं त्या गाडीच्या मागे. तिने चकचकीत पोलादी मासा मागवला, सुरमईसारखा लांबट, पाठीवर बारीक खवले कोरलेले. खरंच सुंदर होता.

खोका आला तेव्हा तो मुलीने त्याच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः उघडू दिला. त्याला वेळ लागला, पण आम्ही मधे पडलो नाही. त्याने मासा बाहेर काढला. वजन बघितलं. उलटा करून त्याची मागची बाजू बघितली, बराच वेळ बघितली. खोक्यातली छोटी पिशवी उचलून आतले नट-बोल्ट प्रकाशात धरले. मग सगळं जसंच्या तसं परत खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि खोका टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवला.

"खलास," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

मुलगी तिथेच बसून राहिली. "मी त्यांना रडवलं," ती इंग्रजीत म्हणाली. तो रडला नव्हता, पण मला तिला तसं सांगता आलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. गेलेल्या माणसाचा फोटो चुकीच्या वेळी समोर धरावा तसं आम्ही केलं होतं. मी खोका कपाटात ठेवून दिला. पुढचे काही दिवस घरात समुद्राचं, माशांचं, मित्राच्या पुतण्याचं नाव आम्ही काढलं नाही. बाजारातून मासेही आणले नाहीत. तो फेऱ्या मारत राहिला आणि प्रत्येक फेरीत मागे थांबत राहिला.

एका संध्याकाळी जेवताना त्याने चमचा खाली ठेवला आणि स्पष्ट म्हणाला, "निझवा."

इतका नवा, इतका पूर्ण शब्द. आम्ही दोघींनी हातातले घास ताटात ठेवले. थांबलो. त्याने डाव्या हाताने मुठीचा आकार केला आणि तळहाताच्या पोकळीत ढकलला, म्हणजे ढकलायचा प्रयत्न केला, कारण दुसरा तळहात उघडेना. मग मला आठवलं. निझव्याजवळ त्याची साइट होती तेव्हा तिथल्या एका गाड्यांच्या सामानाच्या दुकानात त्याने हा हुक बसवून घेतला होता. दुकानदार रायगडकडचा, मुरुडचा. मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून त्या दिवशी नवरा मोठ्या आनंदात घरी आला होता.

"त्या दुकानात जायचं?" मी विचारलं.

"यल्ला," तो म्हणाला. त्या वेळी त्याचा अर्थ सरळ होता.

ती मोठी गाडी मी तोवर शाळा आणि हॉस्पिटल यापलीकडे चालवली नव्हती. शनिवारी सकाळी निघालो. तो माझ्या शेजारी, मुलगी मागे, तिच्या बाजूला माशाचा खोका. परत करता आला तर करू, असं मी म्हटलं होतं. डोंगरातल्या चढावर ट्रक आले की माझे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. पूर्वी तो चालवताना मी सूचना करायचे, हळू, लेन बघ. आता तो गप्प बसून समोर बघत होता. मी लेन बदलायला कचरले तेव्हा त्याने एकदा मागे वळून रस्ता पाहिला आणि हात पुढे केला, जा, म्हणून. मी गेले.

दुकान बाजारापासून जरा बाहेर, टायरवाल्यांच्या ओळीत होतं. दुकानदार साठीचा, अंगात पांढरा कुर्ता, चष्मा कपाळावर. नवऱ्याला बघताच काउंटरच्या मागून बाहेर आला आणि दोन पावलांवर थांबला. माझ्या नवऱ्याचा उजवा हात पुढे येत नाही, हे त्याला दिसलं. त्याने पुढे केलेला आपला हात मागे घेतला आणि डावा दिला.

"किती दिसांनी आलाव साहेब," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "काय झाला यांना, भाबी?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोक्याच्या डाव्या बाजूला बोट लावलं, मग उजव्या हाताला, मग ओठांना.

"माज्या बापाला पन असाच झाला होता," दुकानदार त्याला म्हणाला. "बोलत नव्हता, पन समजत सगला होता. बसा. पानी घेवा."

मी नळीचं सांगितलं. दुकानदाराने मागच्या भिंतीवरची टोपणं काढून काउंटरवर मांडली. काउंटरच्या कडेला त्याने तसलीच एक नळी खिळवून ठेवली होती, गिऱ्हाईकाला लावून दाखवण्यासाठी. ससाणा होता. एकावर एक तलवारी आणि मधे खंजीर असलेलं, ओमानच्या राजचिन्हाचं एक होतं, ते त्याने आपणच बाजूला ठेवलं. "हा इतल्या लोकांचा," तो म्हणाला. "त्यांनाच शोभते. आपल्याला नको."

आणि मग मला ते दिसलं. जहाजाच्या सुकाणूचं चाक, पितळी रंगाचं, आठ आऱ्यांचं. दुकानदारासाठी ते सुकाणू होतं. मला ते धम्मचक्र वाटलं. आमच्या दिवाणखान्यात लाकडाचं आहे, जवळजवळ तसंच. मला एकदम वाटलं की हेच. समुद्रही आहे त्यात आणि आपलंही काही आहे, आणि कुणाला काही सांगायलाही नको. मी ते उचलून त्याच्या समोर धरलं.

त्याने ते हातात घेतलं. अंगठ्याने एकेक आरी पुसली. मी थांबले. दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि गेलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि बघण्यात नकार होता, पण मऊ. त्याने चाक छातीशी लावलं. मग ते काउंटरवर ठेवून खाली जमिनीकडे बोट केलं, आपल्या चपलेकडे, आणि मान हलवली.

"पायाशी नको," मुलगी म्हणाली. "बाबा, असं?"

त्याने मान डोलावली. तिथे धूळ उडते, धूर लागतो, कुणीही पाय टेकवून उभं राहतं. माझ्या ते मनात आलं नव्हतं. मला थोडं वाईट वाटलं आणि थोडा अभिमानही, की ज्या माणसाला माझं नाव आठवत नाही त्याला हे कळतं.

मग तो स्वतः उठला. भिंतीशी गेला. खालच्या खणात, प्लास्टिकच्या टोपलीत, साध्या काळ्या रबराची टोपणं पडली होती. ना चित्र, ना अक्षर. टायरसारखं जाड रबर, एका बाजूला बोट अडकवायला कडी. त्याने एक उचललं, काउंटरशी आला आणि डाव्या हाताने त्या खिळवलेल्या नळीत ढकललं. ते आत बसलं. कडीत बोट घालून ओढलं. बाहेर आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा तो घामाघूम झाला होता, आणि चेहऱ्यावर तो भाव होता जो पूर्वी पिन बसल्यावर यायचा.

त्याने टोपण माझ्यासमोर धरलं. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले. मला वाटलं, शब्द मला माहीत आहे, टोपण. माझ्या जिभेवर होता. मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि मी तो शब्द गिळला.

"हात," तो म्हणाला. श्वास घेतला. "एक. हात."

दुकानदार म्हणाला, "हां. एका हातानं लागते."

नवऱ्याने माशाच्या खोक्याकडे बोट केलं. मुलीने उघडला. त्याने ती नट-बोल्टची पिशवी बाहेर काढून काउंटरवर ठेवली आणि दोन बोटं वर केली. दुकानदाराने बोल्ट हातात घेऊन बघितला. "बराबर," तो म्हणाला. "याला दोन पाने लागतात. एक धरायला, एक फिरवायला. याला दोन हात पायजे."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आम्ही त्या माशावरून कितीतरी दिवस घरात पाय वाजू न देता वावरलो होतो. त्याच्या दुःखाला जपत होतो. आणि तो बिचारा खोका उघडून इतकंच बघत होता, की हे मला माझं मला लावता येईल का. दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण ते जिथे आहे असं आम्ही समजलो तिथे ते नव्हतं. त्याला शोभेचं काही नकोच होतं. त्याला एक असं काम हवं होतं, जे तो कुणाला हाक न मारता करू शकेल.

दुकानदाराने मासा ठेवून घेतला आणि भिंतीवर ससाण्याच्या शेजारी लटकवला. बाहेर येऊन त्याने आमच्या गाडीच्या मागे एक बुटकं स्टूल ठेवलं आणि कुणाशी काही न बोलता दुकानात परत गेला. नवरा स्टुलावर बसला. ऊन चढलं होतं, लोखंड तापलं होतं. त्याने आधी नळीतली माती बोटाने खरवडून काढली, फुंकर मारली. मग टोपण लावलं. तिरकं लागलं आणि खाली पडून गाडीखाली घरंगळलं. मी पुढे झाले. त्याने माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. स्टुलावरून उठून, बंपरला धरून, डाव्या पायाने त्याने ते ओढून घेतलं. त्यात खूप वेळ गेला. शेजारच्या दुकानातला टायरवाला काम थांबवून बघत होता, मुलीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो आत गेला. शेवटी टोपण बसलं. त्याने तळहाताने त्यावर एक थाप मारली आणि उठायला आपणहून माझा खांदा धरला.

परतीच्या वाटेत तो झोपला. मुलगी मागून हळूच म्हणाली, "आई, आपण त्यांना विचारलंच नाही, की का नको." मी म्हटलं, "विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं." ती म्हणाली, "दाखवता आलं असतं." मी गाडी चालवत राहिले.

त्यानंतर रोज सकाळी मी शाळेला निघायच्या आधी तो गाडीच्या मागे जायचा, टोपण काढायचा, नळी कापडाने पुसायचा आणि टोपण परत लावायचा. खरं तर त्याची काही गरज नव्हती, टोपण बसल्यावर आत काही जात नव्हतं. मी आरशातून बघत थांबायचे, आणि त्याने गाडीवर थाप मारली की निघायचे. थेरपीच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि त्याला पुढच्या वेळी शर्टाची बटणं, मग फोनवर नंबर लावणं, अशी कामं दिली. शब्द येत गेले, सावकाश. "हात" नंतर "पाणी" आला. माझं नाव कित्येक महिन्यांनी आलं, तेही आधी चुकीचं, त्याच्या बहिणीचं, मग बरोबर. ऑफिसने त्याला अर्ध्या दिवसासाठी परत घेतलं. तो डाव्या हाताने माउस धरून इतरांची ड्रॉइंग तपासतो. मीटिंगमध्ये बोलत नाही. मित्र त्याच्या शेजारी बसतात.

सगळं पूर्वीसारखं होईल, असं मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही. पूर्वीचा माणूस खूप बोलायचा, माझ्या आधी बोलायचा, वाद घालायचा. तो माणूस परत आला नाही आणि त्याची मला आठवण येते, तो शेजारी बसलेला असतानाही येते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वंदनेला जमलेल्या बायका म्हणतात, किती सुधारले हो. मी हो म्हणते. तेही खरंच आहे.

यंदा मुलगी बारावी झाली आणि पुण्याला शिकायला गेली. विमानतळावर सोडायला आम्ही दोघं गेलो. आत जायच्या रांगेपाशी ती वडिलांसमोर उभी राहिली. त्याला काहीतरी सांगायचं होतं, खूप काही असावं, कारण तो दोनदा सुरुवात करून अडला. मागची माणसं ट्रॉल्या घेऊन पुढे सरकत होती. ती हलली नाही. शेवटी तो म्हणाला, "नीट. जेव." ती म्हणाली, "हो बाबा, जेवते मी," अगदी स्वच्छ मराठीत, आणि मग आमच्याकडे न बघता भराभर आत गेली.

आम्ही परत निघालो. घराजवळच्या कडक चहाच्या टपरीसमोर मी गाडी लावली आणि हॉर्न दिला. इथे तसंच करतात, पोऱ्या चहा गाडीपाशी आणून देतो. केरळी वेटर माझ्या बाजूला यायला निघाला, पण नवऱ्याने आपली काच खाली केली. वेटर वळून तिकडे गेला आणि खिडकीशी वाकून उभा राहिला. नवरा बोलायला लागला. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले. मागे एका गाडीने वाट द्यायला हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. वेटरने हाताने तिला थांब म्हणून खूण केली आणि तसाच वाकून उभा राहिला.

"चाय," नवरा म्हणाला. "इसका... कम चीनी."

मी साखर कमी घेते. हे त्याला आठवत असेल, असं मला वाटलं नव्हतं.